आधी कंदील, मग माणूस

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे असत, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे खणायचे, आत हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचे. वर्षानुवर्षे माल आत राही. किडा नाही, मुंगी नाही. २००५च्या महापुरात त्यांतली बरीचशी पेवे पाण्याखाली गेली आणि कायमची निकामी झाली. माझे आजोळ सांगलीचे. मामांचा हळदीचा व्यापार. लहानपणी सुट्टीत गेले की पेव उघडायचे असेल तेव्हा मामा आम्हा पोरांना लांब उभे करीत. तोंड उघडून काही तास तसेच ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला, तर आत हवा नाही. माणूस उतरवायचा नाही. तेवत राहिला, तर हमाल खाली जाणार. "आधी कंदील, मग माणूस," असे मामा म्हणायचे.

हे वाक्य गेल्या वर्षी मला पुन्हा ऐकावे लागले. आणि तेही पेवाच्या तोंडाशी नव्हे, तर संगणकासमोर.

मी साताऱ्याला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे संगणकाचे काम करते. आमच्याकडे एक काम आले होते. शेतातून निघालेल्या हळदीच्या प्रत्येक पोत्याची नोंद अशा वहीत करायची, की ती नंतर कुणालाच बदलता येऊ नये. शेतकरी, अडत्या, व्यापारी, गोदामवाला आणि निर्यातदार, ज्याच्या हातात माल जाईल त्याने आपली सही करायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे; तेव्हा पोत्यात खरोखर सांगलीचीच हळद आहे का, हे परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळावे, असा सारा खटाटोप. अशा वहीला ब्लॉकचेन म्हणतात.

ब्लॉकचेनचे नाव काढले की घरोघर एकच प्रश्न येतो, "ते बिटकॉइन ना?" बिटकॉइनची वही २००९च्या जानेवारीत सुरू झाली, ती या घराण्यातली थोरली. पण वही म्हणजे नाणे नव्हे. एकच खतावणी हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. नवे पान जोडले जाते ते आधीच्या पानाच्या ठशासह, त्यामुळे मागे जाऊन खाडाखोड केली की ती लगेच उघडी पडते. गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या दुर्गम भागातल्या पासष्ट हजार जातप्रमाणपत्रांसाठी २०२२ साली अशीच वही वापरायचे ठरले होते. त्या वहीचे नाव पॉलिगॉन. ती उभी करणारी मंडळी मुख्यतः भारतीयच. आम्हीही तीच निवडली.

आता या वहीत सही करायची, तर प्रत्येकाला एक 'वॉलेट' लागते. वॉलेट म्हणजे पाकीट. आणि हा शब्दच मुळी फसवा आहे. या पाकिटात पैसे नसतात. पैसे असोत वा पोत्याची नोंद, सारे वहीतच असते. पाकिटात असते ती फक्त किल्ली. आणि किल्लीपेक्षाही 'शिक्का' हा शब्द अधिक बरोबर ठरेल. आम्हा सातारकरांना शिक्क्याची महती वेगळी सांगायला नको. पेशवा पुण्यात कितीही प्रबळ असो, पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब; मोर्तब झाले की पुढे एक अक्षर घुसडता येत नसे. संगणकातली सही नेमके हेच करते. मजकूर कुणाचा ते सांगते आणि नंतर कोणी त्यात बोट घातले तर ओरडून उठते. मात्र शिक्का ज्याच्या हाती, त्याचा शब्द खरा. तो धन्याच्या हातात आहे की चोराच्या, हे पत्राला कळत नाही.

हा शिक्का म्हणजे प्रत्यक्षात एक प्रचंड मोठी संख्या असते. ती लक्षात कोण ठेवणार? म्हणून २०१३च्या सुमारास एक युक्ती रूढ झाली. २०४८ साध्या शब्दांची एक ठरलेली यादी आहे. तिच्यातून यंत्र बारा शब्द निवडून देते. ते बारा शब्द त्याच क्रमाने कागदावर लिहून ठेवले की झाले. अशा शब्दांपासून पुन्हा शिक्का तयार होतो आणि शिक्क्यापासून पत्ता. पत्ता चारचौघांना द्यायचा, शिक्का कुणालाही नाही. पत्त्यावरून शिक्का काढता येत नाही. हळकुंड दळले की हळद होते, पण हळदीचे पुन्हा हळकुंड होत नाही, तसेच हे.

आमच्या आज्ञावलीची परीक्षा घ्यायची तर असे पन्नास शिक्के हवे होते. वीस शेतकरी, दहा अडते, दहा व्यापारी, पाच गोदामे, पाच निर्यातदार. सगळे खोटे, म्हणजे परीक्षेपुरते. पहिल्या दिवशी मी ते हाताने करायला बसले. नवे पाकीट उघडा, बारा शब्द उतरवून घ्या, पासवर्ड द्या, पत्ता दुसरीकडे चिकटवा, मग त्यात सरावाची नाणी मागवा. वहीत ओळ लिहायची तर थोडी दक्षिणा द्यावी लागते, म्हणून ही नाणी. ती फुकट मिळतात, आणि जिथून मिळतात त्याला इंग्रजीत 'फॉसेट' म्हणजे चक्क नळ म्हणतात. पण हा नळही आपल्या नळासारखाच. ठरावीक वेळी, ठरावीक धारेने. संध्याकाळपर्यंत माझी नऊ पाकिटे झाली आणि त्यांतल्या दोघांचे शब्द एकमेकांत मिसळले. दुसऱ्या दिवशी कोणी काही बदल केला की सारे पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी संगणकवाले स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे संहिता. सांगलीला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते याच गावी. फरक इतकाच, की भाव्यांच्या नाटकातली पात्रे सूत्रधाराचे पद संपले की आपापल्या पदरचे बोलत. संगणक पदरचे एक अक्षर घालत नाही. जे लिहाल तेच, जसे लिहाल तसेच, आणि चूक लिहाल तर चूकच, पन्नास वेळा, न कंटाळता.

माझी संहिता चाळीसेक ओळींची होती. बारा शब्दांचे एकच बीज घ्यायचे आणि त्यापासून क्रमांकाने पन्नास शिक्के काढायचे. हळदीचा एक जेठा गड्डा लावला की त्याला बगलेने फुटवे येतात, हळकुंडे धरतात, तसेच हे. मूळ एक, फुटवे हवे तितके, आणि तेच बीज दिले की पुन्हा नेमके तेच फुटवे. मग प्रत्येकाचे नाव आणि पत्ता एका फाइलीत लिहायचा. मग नळाचे पाणी एका हौदात साठवून तिथून पन्नास जणांना वाटायचे. दिवसाचे काम मिनिटभरात होऊ लागले. चुकले तर पुसा आणि पुन्हा चालवा. मला इतका आनंद झाला की आईला बोलावून पडद्यावर सरसर उमटणारी नावे दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. पण यांतला एक तरी शेतकरी खरा आहे का?"

नव्हता. सराव सरावासारखाच चालला होता. सरावासाठी वहीसुद्धा वेगळी असते, हुबेहूब खऱ्यासारखी. पण तिच्यातल्या नाण्यांना दमडीची किंमत नसते. पॉलिगॉनच्या अशा सराव-वहीचे नाव कितीतरी दिवस 'मुंबई' होते. २०२४च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी 'अमॉय' आली. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मुंबई बंद पडली म्हणतीस, आणि बाजार चालू?" त्याहून जवळचा सराव म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारी वही. तिच्यासाठी जी हत्यारे मिळतात, ती सुरू केल्याबरोबर वीस तयार पाकिटे पुढ्यात टाकतात, प्रत्येकात दहा हजार खोटी नाणी. ही वीस पाकिटे ज्या बारा शब्दांपासून निघतात ते शब्दही जगजाहीर आहेत. 'टेस्ट' हा शब्द अकरा वेळा आणि बारावा शब्द 'जंक'. जंक म्हणजे भंगार. हत्यारे करणाऱ्यांनी याहून स्पष्ट काय लिहावे? सोय म्हणून मीही माझ्या संहितेत तेच शब्द ठेवले होते. सरावापुरते त्यात काही वावगे नाही.

वावगे पुढे झाले. काम दाखवायला मी सांगलीला गेले. मामांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "खोट्या पैशावर काय बी चालतंय. खऱ्यावर दाखव की." खिशातून पाच हजार रुपये काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मी त्या रकमेची पॉलिगॉनची नाणी माझ्या खात्यातून विकत घेतली. संहितेतली एक ओळ बदलली. सराव-वहीच्या जागी खऱ्या वहीचे नाव घातले. ती एकच ओळ. बीज तेच राहिले. पहिल्या पत्त्यावर पैसे पाठवले आणि पोचल्याचे दिसले. मामींनी चहा आणला, म्हणून मी कप घेतला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले तर शिल्लक शून्य.

मला कळायला अर्धे मिनिटही लागले नाही. पोटात मात्र खड्डा पडला तो आठवडाभर भरला नाही. ते बारा शब्द जगातल्या प्रत्येक संगणकवाल्याकडे आहेत. म्हणजे त्या पाकिटाचा शिक्काही प्रत्येकाकडे आहे. माझ्यासारखी कोणी घाईत खरे पैसे टाकते का, याची वाट पाहत काही जणांनी स्वतःच्या संहिता बसवून ठेवल्या आहेत, रात्रंदिवस. माझी संहिता चाळीस ओळींची होती, तिकडची तर त्याहूनही छोटी असेल. वहीच्या दृष्टीने चोरीही झाली नव्हती. शिक्का बरोबर होता, सही बरोबर होती, व्यवहार रीतसर होता.

मामांना सांगायचे कसे? मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कुलूप लावलंस आणि किल्ली गणपतीच्या देवळासमोर टांगून आलीस की गं!" आणि थोड्या वेळाने, "तक्रार कुणाकडं करायची मग?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि या साऱ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच आहे. साताऱ्यात १९३६ साली सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली अडचणीत आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत त्या दिवशी स्वयंपाकाकडे कुणाचे लक्ष नव्हते. पण रिझर्व्ह बँक मध्ये पडली, महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली, ठेवी वाचल्या. १९१६ची सांगली बँकही २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली. पाटी बदलली, खाते राहिले. बँक गेली तरी विचारायला कोणीतरी असते. इथे वही आहे, पण कारकून नाही. पेव आहे, पण पेवाचा मालक नाही. शिक्का हरवला तर माल कायमचा आत आणि चोरला गेला तर कायमचा बाहेर.

त्यानंतर महिनाभर मी दुसऱ्यांच्या चुका वाचून काढल्या. स्वतःची चूक एकटी असली की फार मोठी वाटते, म्हणून असेल. माझी चूक त्यांत अगदीच पोरकट होती. जाणत्यांच्या चुका अधिक बारीक आहेत. बारा शब्द निवडायचे म्हणजे यंत्राला फासे टाकावे लागतात. फासे प्रामाणिक असतील तर एकूण शक्यता इतक्या, की तो आकडा लिहायला एकोणचाळीस अंक लागतात. जगातले सारे संगणक जुंपले तरी कोणी शोधू शकणार नाही. पण एका प्रसिद्ध हत्यारातले फासे घड्याळाकडे पाहून पडत होते आणि त्यांच्या शक्यता होत्या फक्त सुमारे ४२९ कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण संगणकाला तो काही दिवसांचाही खेळ नाही. जुलै २०२३ मध्ये अशा पाकिटांतून सुमारे नऊ लाख डॉलर गेले. घड्याळ शून्यावर असताना त्या हत्याराने दिलेले पहिले दोन शब्द होते 'मिल्क' आणि 'सॅड'. त्यावरून या प्रकरणाला 'मिल्क सॅड' असेच नाव पडले. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, विंटरम्यूट या बड्या व्यापारी कंपनीचे सुमारे सोळा कोटी डॉलर गेले. कारण काय, तर पत्त्याच्या सुरुवातीला लागोपाठ शून्ये हवी होती, आणि तसे पत्ते घडवून देणाऱ्या हत्याराचे फासे असेच कच्चे होते. गाडीसाठी पसंतीचा नंबर घेण्याची हौस आपल्याकडेही आहे. पण गाडीच्या नंबरावरून कोणाला गाडीची किल्ली बनवता येत नाही.

आणि फासे पक्के असले, एकाऐवजी अनेकांच्या सह्या लागत असल्या, तरीही भागत नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्याच देशातल्या वझीरएक्स या बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचा ऐवज गेला. तिथे अनेक सह्यांची व्यवस्था होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होते एक आणि सही होत होती भलत्याच मजकुरावर. न वाचता कागदावर अंगठा उठवण्याची गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. फक्त अंगठ्याची जागा बदलली.

मग मी माझी संहिता नव्याने लिहिली. आता ती चाळीसची नव्वद ओळींची झाली आहे आणि वाढलेल्या पन्नास ओळी कोणतेही काम करीत नाहीत. त्या फक्त नाही म्हणतात. पहिल्याच ओळीत ती वहीला तिचा क्रमांक विचारते. घरच्या सराव-वहीचा क्रमांक ३१३३७, अमॉयचा ८०००२. खऱ्या पॉलिगॉनचा १३७ आला की ती जागच्या जागी थांबते. शिक्के आता संहितेत लिहिलेले नसतात. ते वेगळ्या फाइलीत असतात आणि ती फाइल सगळ्यांच्या सामायिक कपाटात जाणार नाही अशी तजवीज केलेली असते. त्या कपाटात एकदा ठेवलेला कागद नंतर फाडला तरी त्याची प्रत मागे राहतेच, हे आमच्या धंद्यातल्या कित्येकांना उशिरा कळते. नवे बीज हवे असेल तर संगणकाच्या मूळ प्रणालीकडूनच फासे टाकून घेते, घड्याळाकडून कधीच नाही. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, ज्या पाकिटात खरे पैसे जाणार ते पाकीट संहितेने बनवायचेच नाही. पन्नास खोटे शेतकरी यंत्राने खुशाल जन्माला घालावेत. एका खऱ्या शेतकऱ्याचा शिक्का त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, समजून-उमजून घ्यावा.

या लेखाचा सारांश काढायचा तर एवढाच आहे. यंत्राला कामाला लावण्यात गैर काही नाही. त्याने माझे दिवसच्या दिवस वाचवले. पण त्याला खरे आणि खोटे यांतला फरक माहीत नसतो. मामांचा कंदील हा मुद्दाम आत सोडायचा, विझला तर विझू द्यायचा. त्या कंदिलाच्या दोरीला मी माणूस बांधला होता.

दिवाळीच्या आधी पुन्हा सांगलीला गेले. पाच हजार रुपये मामांपुढे ठेवले. वाटले होते, नको म्हणतील. त्यांनी मोजून घेतले आणि रोजमेळात जमा केले. "व्यवहार तो व्यवहार," म्हणाले. मग मी एक छोटे यंत्र काढले. पेन ड्राइव्हएवढे, शिक्का त्याच्याच पोटात राहतो, संगणकाला कधी दिसत नाही. त्याच्या इवल्याशा पडद्यावर एकामागून एक बारा शब्द येणार होते. अधिकृत याद्या इंग्रजीत आहेत, जपानीत आहेत, स्पॅनिशमध्ये आहेत, मराठीत नाही. म्हणून मी म्हटले, "मामा, शब्द इंग्रजी आहेत. मी वाचते, तुम्ही लिहा."

मामांनी चष्मा लावला, वहीतले एक कोरे पान फाडून घेतले, यंत्र माझ्या हातातून काढून स्वतःकडे वळवले.

"अक्षरं जुळवता येतात मला. तू तिकडं तोंड कर," ते म्हणाले.

मी तोंड फिरवून दाराबाहेर बघत बसले. एकेक अक्षर पुटपुटत मामा लिहीत होते. बारा शब्दांना पाऊण तास लागला. माझ्या संहितेने तेवढ्या वेळात गावेच्या गावे वसवली असती. पण मी एकदाही मागे वळून पाहिले नाही.